पोलिसांच्या हातून झालेले मृत्यू मोजायचे कसे: गावाकडून काम सुरू करणाऱ्यांसाठी

हा लेख तालुक्याच्या वार्ताहरासाठी आहे, कायदा किंवा समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि 'आमच्या जिल्ह्यात असं किती वेळा झालं' हा प्रश्न पडलेल्या कुणासाठीही. एक साधा लॅपटॉप, गुगल शीट्स आणि बऱ्यापैकी चिकाटी पुरेशी आहे. फक्त मोबाईलवर काम होतं, पण डोळे जातात.

पहिली पायरी: काय मोजणार ते कागदावर लिहा

अमेरिकेत वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने १ जानेवारी २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली. जगभर डेटा शिकणारे लोक ही फाईल वापरतात. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून ठेवल्याने मेलेला जॉर्ज फ्लॉइड या फाईलमध्ये शोधून बघा. सापडणार नाही. चूक कुणाची नाही. फाईलची व्याख्याच 'कर्तव्यावरील पोलिसाच्या गोळीने झालेला मृत्यू' अशी आहे आणि फ्लॉइडला गोळी लागली नव्हती.

आता नागपूर. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन, गोवारी समाजाचा मोर्चा. पोलिसांचा लाठीमार, त्यातून चेंगराचेंगरी, ११४ मृत्यू, त्यात बायका आणि लेकरं बरीच. 'पोलीस गोळीबारात मृत' असा रकाना असलेल्या कुठल्याही तक्त्यात यांना जागा नाही, कारण गोळीने कुणी मेलं नाही. 'कोठडीतील मृत्यू' मध्येही नाही. ते कोठडीत नव्हते, रस्त्यावर होते. विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासातला एवढा मोठा आकडा, आणि तो नेहमीच्या दोन्ही रकान्यांतून गळतो.

म्हणून शीट उघडण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: 'मी अमुक काळातले, अमुक भागातले, अमुक प्रकारचे मृत्यू मोजतो आहे.' मग स्वतःलाच अडवणारे प्रश्न विचारा. जुगाराच्या धाडीत पळताना विहिरीत पडलेला माणूस धरायचा का? चौकशीला बोलावून संध्याकाळी सोडलेला आणि दोन दिवसांनी घरी मेलेला? वन विभागाने पकडलेला? वनरक्षक पोलीस नाहीत, पण मेळघाट किंवा ताडोबाच्या कडेच्या गावात ताबा अनेकदा त्यांचाच असतो. गडचिरोलीत केंद्रीय राखीव दलाची कारवाई 'पोलिसांची' धरायची का? आणि माओवाद्यांनी 'खबरी' ठरवून मारलेले गावकरी? ते मृत्यू खरेच आहेत, पण हा तक्ता त्यांचा नव्हे. त्यांची वेगळी शीट करा आणि तसं ठळक लिहा, कारण तुम्ही काम दाखवायला गेलात की पहिला प्रश्न तोच येणार.

उत्तरं कोणतीही चालतील. मधेच बदलली तर चालणार नाही.

दुसरी पायरी: परक्या फाईलवर हात बसवा

आपल्याकडचा डेटा अर्धवट आणि विखुरलेला आहे. त्यावरच शिकायला बसलात तर सूत्र चुकलं की डेटा चुकला हे कळणार नाही. म्हणून आधी ती अमेरिकन फाईल गिटहब या संकेतस्थळावरून सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या रूपात, उतरवून घ्या. वर्षाला साधारण हजार मृत्यू, एका ओळीत एक माणूस: तारीख, वय, लिंग, वंश, शहर, राज्य, हातात काय होतं, पळत होता का, पोलिसाच्या अंगावर कॅमेरा होता का.

आधी फक्त ओळी वाचा. किमान शंभर. सूत्र लावायची घाई करू नका. वाचताना लक्षात येईल की काही ओळींत वय नाही, काहींत वंश नाही, काहींत नावही नाही. रिकामे रकाने किती ते आधी मोजून ठेवा.

मग पिव्होट टेबल (ओळींची गटवार बेरीज करणारी शीटमधली सोय) घ्या आणि वंशानुसार बेरीज काढा. गोऱ्यांची संख्या सगळ्यात जास्त दिसेल. इथेच थांबणारे लोक समाजमाध्यमांवर भांडताना दिसतात. आता अमेरिकेच्या लोकसंख्येत कोण किती आहे ते शेजारच्या रकान्यात टाका आणि भागाकार करा. कृष्णवर्णीय लोक लोकसंख्येत साधारण सातात एक आहेत, पण वंश माहीत असलेल्या मृतांत ते जवळपास चारात एक आहेत. म्हणजे दर लाखामागे गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. एकच फाईल, दोन प्रश्न, दोन उत्तरं. एकूण संख्या सांगायची की दर, हे आपण ठरवतो आणि वाचकाला सांगतो.

आणखी एक गोष्ट या सरावातून कळते. ही नोंद वृत्तपत्राला का ठेवावी लागली? २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन मारला गेल्यावर पत्रकारांनी सरकारी आकडे मागितले, तेव्हा एफबीआयकडे पोलीस ठाण्यांनी आपखुशीने कळवलेली अपुरी संख्या होती. वृत्तपत्रांनी मोजलेली त्याच्या दुपटीहून अधिक भरली. स्थानिक बातम्या गोळा करूनच ती मोजली होती, आणि आपल्याला तेच करायचं आहे.

तिसरी पायरी: आपले सरकारी तक्ते, आणि ते का जुळत नाहीत

दोन मुख्य ठिकाणं. एक, राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो, म्हणजे एनसीआरबी, आणि त्यांचा दरवर्षीचा 'क्राइम इन इंडिया' अहवाल. दुसरं, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग. आयोगाने १४ डिसेंबर १९९३ ला सगळ्या राज्यांना कळवलं की कोठडीतला मृत्यू २४ तासांच्या आत कळवा. आयोगाचे आकडे बहुतेक वेळा संसदेतल्या प्रश्नोत्तरांतून बाहेर येतात. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर गृह मंत्रालयाची उत्तरं शोधता येतात, आणि बातमीपेक्षा ते मूळ उत्तरच वाचा.

एनसीआरबीनुसार २०२१ मध्ये देशभरात पोलीस कोठडीत ८८ मृत्यू झाले, त्यातले २१ महाराष्ट्रात. मानवी हक्क आयोगाच्या हवाल्याने गृह मंत्रालयाने २०२१-२२ साठी सांगितलेला आकडा १७५. एक कॅलेंडर वर्ष आहे आणि दुसरं आर्थिक वर्ष, एवढा फरक आहेच. पण तीन महिने मागेपुढे झाल्याने आकडा दुप्पट होत नाही. एकाला राज्यांची गुन्हे नोंद यंत्रणा माहिती पुरवते, दुसऱ्याकडे सूचना आणि तक्रारी येतात आणि त्यावर प्रकरण नोंदलं जातं. वाटा वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. दोन्ही द्या आणि दोन्हींचं नाव लिहा. सरासरी काढण्याचा मोह होतो, तो आवरा. दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी म्हणजे तिसरी खोटी गोष्ट.

एनसीआरबीचा तक्ता दोन भागांत असतो: रिमांड, म्हणजे न्यायालयाने दिलेली कोठडी, मिळण्याआधीचे मृत्यू आणि रिमांडवर असतानाचे. पुढे कारणं: आत्महत्या, आजार, पोलिसांची मारहाण, कोठडीआधीची जखम, पळून जाताना, रस्ता अपघात. हे कारण यंत्रणेने नोंदवलेलं आहे, न्यायालयात ठरलेलं नाही. तुमच्या तक्त्यात ते 'नोंदवलेलं कारण' या मथळ्याखालीच जायला हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ पीसीआर आणि एमसीआरमध्ये होतो. पोलीस कोठडी (पीसीआर) आणि न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग (एमसीआर), हे आयोगाचे दोन वेगळे आकडे आहेत. २०२०-२१ मध्ये पहिला १०० आणि दुसरा १,८४०. 'कोठडीत १,९४० बळी' अशी बातमी करणारा तुरुंगातल्या क्षयरोगाचे, म्हातारपणाचे मृत्यूही पोलिसांच्या नावावर टाकतो. उलट बाजूही विसरू नका. पीसीआरमध्ये मार खाल्लेला माणूस एमसीआर मिळून तुरुंगात गेला आणि तिथे आठवड्याने मेला, तर तो न्यायालयीन कोठडीत मोजला जातो. म्हणून अटकेची तारीख आणि मृत्यूची तारीख या दोन्ही हव्यात.

आता चकमकी. फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की १ जानेवारी २०१७ ते ३१ जानेवारी २०२२ या काळात देशात पोलीस चकमकीतल्या मृत्यूची ६५५ प्रकरणं नोंदली गेली: छत्तीसगड १९१, उत्तर प्रदेश ११७, महाराष्ट्र २६. गडचिरोलीत राहणाऱ्याला हा २६ वाचताच खटकायला हवा. याच काळात, एप्रिल २०१८ मध्ये, भामरागड तालुक्यातल्या बोरिया-कसनासूर आणि लगोलग झालेल्या राजाराम खांदला या दोन चकमकींत मिळून ४० माओवादी मारले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. पाच वर्षांचे २६ आणि एका आठवड्याचे ४०? आयोग प्रकरणं मोजतो, आणि एका प्रकरणात कितीही मृतदेह असू शकतात. बातम्यांमध्ये मात्र '६५५ जण ठार' असं छापून आलं. तक्ता हातात आला की आधी शोधा: हा माणसं मोजतोय, घटना मोजतोय की फायली?

चौथी पायरी: स्वतःची शीट

एका ओळीत एक माणूस. घटनांसाठी दुसरी शीट, आणि दोघींना जोडणारा एक घटना क्रमांक. कसनासूरचं उदाहरण पुढे न्यायचं तर तिथे दोन घटना आहेत आणि ४० ओळी.

रकाने स्वतः शोधत बसू नका. चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १६ निर्देश दिले. त्यातला एक सांगतो की पोलीस गोळीबारातल्या मृत्यूंचं सहामाही विवरण पोलीस महासंचालकांनी १५ जानेवारी आणि १५ जुलैपर्यंत मानवी हक्क आयोगाला पाठवायचं. त्या विवरणाचा नमुनाच निकालात आहे: तारीख व ठिकाण, ठाणे व जिल्हा, मृत्यूची परिस्थिती, थोडक्यात हकीकत, गुन्हा क्रमांक, तपास करणारी यंत्रणा, दंडाधिकारी चौकशीचा निष्कर्ष. हेच रकाने घ्या. उद्या कुणी विचारलं की हे रकाने तुम्ही कुठून आणले, तर न्यायालयाचं नाव सांगता येतं.

त्यात आपल्या भागासाठी काही भर घालावी लागते.

मृत्यूचं ठिकाण, घटनेचं ठिकाण आणि राहण्याचं गाव हे तीन वेगळे रकाने. का? तालुक्याच्या ठाण्यात प्रकृती बिघडली की माणूस आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरला मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) रेफर होतो किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात जातो. मृत्यू नागपुरात, मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) मेडिकल ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे, आणि घटना दीडशे किलोमीटर दूर. फक्त मृत्यूच्या ठिकाणावर गाळणी लावलीत तर सगळा विदर्भ सज्जन दिसेल आणि नागपूर शहर बदनाम होईल. गोवारींच्या बाबतीतही मृत्यूचं ठिकाण एकच आहे, गावं मात्र ठिकठिकाणची.

'नागपूर' आणि 'अमरावती' लिहिताना शहर आयुक्तालय की ग्रामीण पोलीस ते लिहा. लोहमार्ग पोलीस तिसरेच. सरकारी तक्त्यांत ही वेगवेगळी घटकं असतात.

गावाच्या नावाबरोबर तालुका हवाच. कसनासूर भामरागड तालुक्यात आहे आणि कसनसूर एटापल्ली तालुक्यात. इंग्रजी बातम्यांत दोघांचं स्पेलिंग एकच होऊन जातं. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला क्रमांक आहे, तो एका रकान्यात टाकलात की हा ताप संपतो.

पोलिसांचं म्हणणं एका रकान्यात, घरच्यांचं किंवा गावाचं दुसऱ्यात. दोन्ही त्यांच्याच शब्दांत. कसनासूरनंतर गट्टेपल्लीच्या गावकऱ्यांनी सांगितलं की लग्नाला निघालेली आमची काही मुलंमुली यात गेली. पोलिसांचं म्हणणं होतं की ती नुकती दलमच्या, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, भरतीत गेलेली होती. 'नागरिक' की 'माओवादी' असा एकच रकाना ठेवलात तर या ओळीत तुम्ही न्यायाधीश झालात. त्याऐवजी 'कोण म्हणतं' असा रकाना ठेवा.

आकडा बदलत जातो, तोही जपा. त्या घटनेत पहिल्या दिवशी सोळाच्या आसपास मृतदेह सांगितले गेले, पुढच्या दिवसांत इंद्रावती नदीतून आणखी निघाले. पहिला आकडा, शेवटचा आकडा, दोन्हींच्या तारखा.

'माहीत नाही', 'लागू नाही' आणि शून्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रकाना रिकामा सोडू नका. जात किंवा जमात आडनावावरून भरू नका. पारधी वस्तीवरच्या माणसाबद्दल हा रकाना फार महत्त्वाचा आहे, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली १९५२ मध्ये कायदा रद्द होऊनही गेलेली नाही. पण कागदावर किंवा घरच्यांच्या तोंडून आलं तरच भरा.

एक तांत्रिक किरकिर: तारीख आणि वय इंग्रजी आकड्यांतच टंकित करा. देवनागरी आकड्यांना शीट मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिलात तर ०५/०६ म्हणजे मे की जून हा वाद राहत नाही.

बातम्या शोधताना विदर्भातल्या पत्रांची भाषा माहीत हवी. इकडे आकस्मिक मृत्यूच्या नोंदीला 'मर्ग दाखल' म्हणतात आणि ठाण्याच्या प्रमुखाला 'ठाणेदार'. 'चौकशीसाठी बोलावले', 'ताब्यातील इसमाचा', 'प्रकृती बिघडल्याने', 'छातीत दुखू लागल्याने', 'शौचालयात गळफास' हे शब्द टाकून शोधा. जिल्हा पुरवणीतल्या बऱ्याच बातम्या चित्ररूपातल्या ई-पेपरमध्ये असतात आणि शोधयंत्राला सापडत नाहीत. तिथे जिल्हा ग्रंथालयातले जुने अंक उलटण्याला पर्याय नाही. प्रत्येक ओळीला दोन स्रोत असावेत, आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी दोन पेपरांत आली तर तो एकच स्रोत.

पाचवी पायरी: माहितीचा अधिकार

अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. मजकूर असा चालतो:

'दि. १ जानेवारी २०१५ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात जिल्ह्यात पोलिसांच्या ताब्यात असताना किंवा पोलीस कारवाईदरम्यान मृत्यू पावलेल्या व्यक्तींबाबत ठाणेनिहाय व वर्षनिहाय पुढील माहिती द्यावी: घटनेची तारीख, मृत्यूची तारीख, मर्ग किंवा गुन्हा क्रमांक, नोंदवलेले कारण, तपास करणारी यंत्रणा, दंडाधिकारी चौकशीची सद्यस्थिती. मृतांची नावे मागितलेली नाहीत.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. नावं मागितली की खासगी माहितीचं कारण पुढे येतं. आधी क्रमांक मिळवा, नावं बातम्यांतून कळतात.

कारणं विचारू नका, कागद मागा. 'का झालं?' याला उत्तर मिळत नाही; 'नोंदवहीची प्रत द्या' याला मिळतं. कोठडीतल्या मृत्यूचा तपास महाराष्ट्रात राज्य सीआयडीकडे जातो, म्हणून 'आमच्याकडे माहिती नाही' असं उत्तर आलं तर अर्ज तिकडे हस्तांतरित करण्याची जबाबदारी त्यांचीच आहे, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३). कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हायलाच हवी, असं आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६(१-अ) सांगत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६. जुन्या प्रकरणाला जुनं कलम लिहा.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा 'कलम 8(1)(h), तपास सुरू आहे' असं आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील. नुसता तपास सुरू असणं पुरेसं नाही, माहितीने त्यात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटलं आहे. अपिलात तसं लिहा. पुढचं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आणि त्यासाठी मुंबईला जायचं काम नाही: नागपूर आणि अमरावतीला खंडपीठं आहेत. तिथे तारीख लागायला वेळ लागतो. तोवर बातम्यांवरचं काम चालू ठेवा.

सहावी पायरी: हिशेब

इथे फार थोडं करायचं असतं. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि नागपूर जिल्ह्याची ४६,५३,५७०. गडचिरोलीत एका वर्षी एक मृत्यू झाला तर दर लाखामागे ०.०९, पुढच्या वर्षी दोन झाले तर ०.१९. लगेच कुणीतरी 'शंभर टक्के वाढ' म्हणणार. एक आणि दोन यांतला फरक योगायोगही असू शकतो. जिल्ह्याच्या पातळीवर टक्केवारी काढूच नका. सरळ संख्या द्या. तुलना करायचीच असेल तर पाच-पाच वर्षांच्या बेरजा घ्या किंवा विदर्भाच्या सगळ्या अकरा जिल्ह्यांची एकत्र बेरीज घ्या. भाजक २०११ चा आहे हे तळाला लिहा.

शून्य आलं तर दोनदा तपासा. एखाद्या तालुक्यात दहा वर्षं एकही नोंद नसेल, तर तिथे खरंच काही घडलं नसेल किंवा तिथे वार्ताहर नसेल. शेजारच्या रकान्यात त्या तालुक्यातल्या इतर गुन्ह्यांच्या किती बातम्या मिळाल्या ते टाकलं की थोडा अंदाज येतो.

सातवी पायरी: बाहेर देण्याआधी

घरच्यांशी बोलणं झालं असेल तर त्यांना त्यांची ओळ वाचून दाखवा. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरात गावातलाच दुभाषी नको. त्याला उद्या तिथेच राहायचं असतं. फोन क्रमांक, साक्षीदारांची नावं आणि नातेवाइकांचे पत्ते वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, ती फाईल कुणालाही शेअर करू नका, आणि सार्वजनिक शीटमध्ये फक्त घटना क्रमांक राहू द्या.

मग प्रत्येक जिल्ह्याच्या ओळी त्या पोलीस अधीक्षकांना ईमेलने पाठवा, उत्तरासाठी मुदत द्या आणि पोच जपून ठेवा. आलेलं उत्तर शेवटच्या रकान्यात जसंच्या तसं टाका. आलं नाही तर त्या रकान्यात 'उत्तर आलं नाही' आणि पाठवल्याची तारीख.